‘आपला’ म्हणण्याआधी

ता. १ डिसेंबर १९३१
इतिहासाचं नवं पुस्तक आजपासून वर्गात. मराठ्यांचं प्रकरण काढलं. पुस्तकाचं म्हणणं, हे राष्ट्र नव्हतंच; लुटीसाठी जमलेल्या टोळ्या. दोन ओळी वाचल्या, पुढे वाचवेना. म्हटलं, पुस्तकं मिटा. किल्ले कोणी बांधले, रयतेच्या पिकाला हात लावायचा नाही हा हुकूम कोणाचा, ते सांगत बसलो. पोरं ऐकत होती.
हेडमास्तर बाहेर व्हरांड्यात उभे! तास संपल्यावर म्हणाले, “परांजपे, शाळा सरकारी ग्रँटवर चालते. विसरू नका.”

ता. ३
वाचनालयाच्या व्याख्यानमालेत शनिवारी १२ ला मी बोलायचं. विषय माझाच: आपला इतिहास. शाळा तपासणारे डेप्युटीसाहेबही येणार म्हणे. येऊ देत. त्यांच्या तोंडावर पुस्तकाचा समाचार घेईन.
यमू म्हणाली, “मला सातवा महिना आहे, तेवढं ध्यानात ठेवून काय ते बोला.” दिवा मोठा करून टिपणं काढायला बसलो.

ता. ६
मांडवीच्या किनाऱ्यावर जाधव मास्तर भेटले. महारवाड्यातल्या शाळेवर असतात. वडील पलटणीत सुभेदार होते. पुस्तकाबद्दल तावातावाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग:
“लुटारू म्हटलं ते तुम्हाला लागलं.”
“लागणारच!”
“आम्हाला काय काय म्हणतात, ते रोज ऐकता. तेव्हा नाही लागत?”
मी म्हटलं, किल्ल्यांवर तुमचेही पूर्वज होते, ते मी सांगणारच आहे. तर म्हणाले, “सांगा की. मी पायरीखाली उभा राहून ऐकेन. वाचनालयात आम्हाला तिथवरच येता येतं.”
चिडलो. घरी येईपर्यंत चिडलेलाच. परक्याने केलेला वार कळतो, पण आपण केलेला कळत नाही.

ता. ८
वाचनालयाच्या सेक्रेटरींकडे गेलो. जाधवांना आत बसू द्या म्हटलं. “व्याख्यान इतिहासावर आहे ना? मग हे कशाला मध्ये?” तासभर हुज्जत. निष्पन्न काही नाही.
भाषणाची टिपणं फाडली. पुन्हा लिहिली. ‘आपला’ शब्द आला की टाक थांबतो.

ता. १२, रात्री
लिहून ठेवतो.
वाचनालयाचं दालन भरलेलं. पुढे डेप्युटीसाहेब, शेजारी हेडमास्तर. जाधव पायरीखाली, उन्हात. उभा राहिलो. टिपणं बाजूला ठेवली. म्हटलं, “ज्यांचा हा इतिहास, त्यांतले एक गृहस्थ बाहेर उभे आहेत. ते आत आल्याशिवाय मला ‘आपला’ म्हणता येत नाही.”
एकच गलका. खुर्च्या सरकल्या, पुढच्या रांगेतले चौघे-पाच उठून गेले. सेक्रेटरी ओरडले, “खाली बसा, परांजपे!” बसलो नाही. जाधवांना म्हटलं, “या.”
ते हलले नाहीत. तिथूनच म्हणाले, “आधी बोला. मग ठरवतो.”
सगळ्यांदेखत! कान तापले. तरी बोललो. पुस्तक खोटं का, ते एकेक मुद्दा घेऊन सांगितलं. राज्य लुटीवर उभं राहत नाही. शेत पिकवणारा, गलबत हाकणारा, गडाच्या दारावर रात्र काढणारा, यांच्यावर उभं राहतं. आणि त्यांतल्या कित्येकांना आपण दाराबाहेर ठेवलं, हेही सांगितलं. पुस्तकात ते नाही; माझ्या वर्गातही आजवर नव्हतं.
टाळ्या तुरळक. डेप्युटीसाहेब काहीतरी लिहून घेत होते. पायरीकडे पाहिलं तर जाधव गेलेले.

ता. १४
शाळेत कुणी नीट बोललं नाही. हेडमास्तरांनी दार लावून सांगितलं: सरकारी पुस्तकाविरुद्ध जाहीर बोललात, त्याचा लेखी खुलासा द्या. “माफी लिहा, मी सांभाळून घेतो.” बिचारे मनापासून म्हणत होते. उद्यापर्यंत विचार करतो म्हटलं.
वाचनालयाने पुढच्या व्याख्यानांतून माझं नाव काढलं. गावात दोन्हीकडून शिव्या. एक म्हणतो सरकारद्रोही, दुसरा म्हणतो धर्मबुडवा.
यमू रागावेल वाटलं होतं. ताट वाढताना एवढंच म्हणाली, “माफी लिहिलीत तर वर्गात काय शिकवाल?”

ता. १५
खुलासा दिला. माफी नाही. हेडमास्तरांनी वाचला, चष्मा काढून बराच वेळ पुसला. “वर पाठवतो,” म्हणाले. काय होईल कोण जाणे.
संध्याकाळी फाटकाशी जाधव. घरात या म्हटलं, आले नाहीत.
“शनिवारी बोललात ते आमच्या शाळेत येऊन बोलाल? रविवारी. पोरं, म्हातारी माणसं, सगळे जमतील.”
“येईन.”
“प्रश्न विचारतील. तिथं कोणी तुमची भीड ठेवणार नाही.”
“विचारू देत.”
मान हलवली, गेले. यमू दारात उभी राहून ऐकत होती. आत गेली नि टाक-दौत आणून ठेवली. रविवारचं भाषण लिहायला बसलो; ‘आपला’ शब्दाची जागा अजून कोरीच ठेवली आहे.