फॉर्मवर जीवराम नानांचं नाव

आबा, पाया पडतो, पण परवाचा राग अजून गेलेला नाही. फोनवर तुम्ही बोलू देत नाहीत, म्हणून लिहितो. तुमची लाडकी लेक दिपमाला वाचून दाखवेल.

कलावंतांच्या मानधनाच्या फॉर्मवर स्वतःच्या जागी जीवराम नानांचं नाव कोण लिहून घेतं? नाना तुमचे गुरू, कबूल. पण त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. वारलेल्या माणसाला मानधन मिळेल का? वर दिपमालाला म्हणता, "डफ त्यासना शे, मी ते नुसता वाजाडस." डफ त्यांचा, आणि तुम्ही नुसते वाजवणारे? चाळीस वर्षं गावोगाव वहीच्या लोकगीतांना डफ वाजवला तुम्ही, आणि या वयात केळीचे घड गाडीत भरताय. खांदा दुखतो की नाही, खरं सांगा.

मी सुरतला बरा आहे. बोट मशीनमध्ये आलं होतं, आता जखम सुकलीय. दिपमाला, हे आईसमोर वाचू नको.

नवा फॉर्म पाठवतोय. तुमचं नाव मीच लिहिलंय, फक्त सही करा. नानांचं नाव पाहिजे तर डफावर लिहा. त्याचं कातडं फाटलंय म्हणे, आणि तुम्ही तर कोणाला सांगणार नाही. चोपड्याला जाऊन नवं चढवून घ्या.

तुमचाच,
नवल

कातड्यासाठी दिपमालाच्या खात्यावर टाकलेत, दोन हजार रुपये.