‘आतली कडी’ची खराब प्रत आणि माझी इतर मालमत्ता

मी, गुणवंत विनायक टिपणीस, वय वर्षे एकोणऐंशी, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून अनुभाग अधिकारी म्हणून निवृत्त, राहणार फरीदाबाद, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉ. देविका नाडकर्णी यांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण पुढची कलमं वाचून माझा मुलगा सर्वांत आधी तीच शंका काढेल. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणायला आलेल्यांना मी गेल्या वर्षभरात चहा पाजून दारातून परत पाठवलं आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते फार शहाणपणाचं होतं.

१. माझी माणसं. पत्नी अहिल्या २०१७ साली वारली. एकुलता एक मुलगा राजीव गुरुग्रामला चोविसाव्या मजल्यावर राहतो. सून मीनाक्षी. नात मैत्रेयी, जी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि जिला मी या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी नेमत आहे. तिच्या बापाला ती घाबरत नाही, एवढी पात्रता मला पुरे आहे.

याशिवाय श्रीमती कौशल्या चतुर्वेदी, वय बहात्तर, मूळच्या मथुरेच्या. माझ्या नात्यागोत्यातल्या नाहीत. तेहतीस वर्षं त्या आमच्या गच्चीवरच्या खोलीत, म्हणजे इथल्या भाषेत बरसातीत, भाड्याने राहतात. काचबिंदूने त्यांची दृष्टी पस्तिशीतच उतरत गेली आणि चाळिशीच्या आधी पूर्ण गेली. त्यानंतर त्या प्रशिक्षण घेऊन एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर झाल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या.

२. घर. हे घर स्वकष्टार्जित आहे, त्यावर कोणाचाही बोजा नाही. माझ्यानंतर ते राजीवला मिळेल. मात्र कौशल्याबाईंना त्यात हयातभर, विनाभाडं राहण्याचा हक्क राहील, आणि गुडघ्यांमुळे जिना झेपेनासा झाल्यावर तळमजल्याची पुढची खोली त्यांची होईल. त्या हयात असेपर्यंत घर विकू नये, गहाण टाकू नये आणि बिल्डरला देऊ नये.

हे शेवटचं राजीवसाठी. त्याच्या बिल्डरने नकाशासुद्धा काढून ठेवला आहे. जुनं घर पाडायचं, चार मजले उभे करायचे, दोन त्याचे, दोन आमचे. मी विचारलं, “आणि कौशल्याबाई?” तर म्हणाला, “बाबा, प्रॅक्टिकल व्हा ना यार. आंटींसाठी आपण एखादं चांगलं पीजी बघू. बिल्कुल टॉप क्लास.” बहात्तर वर्षांच्या बाईला पीजी! या घरात त्यांना प्रत्येक पायरी पायाने पाठ आहे.

एका विधुराने एका विधवेला घरात हक्क लिहून दिला यावर सेक्टरच्या पार्कातल्या बाकावर चर्चा होईल. अवश्य व्हावी. तो बाक बसवावा म्हणून अर्ज मीच केला होता.

३. बँकेतली शिल्लक मैत्रेयीला. अहिल्येच्या पाटल्या आणि मोत्याची नथ मीनाक्षीला. “पप्पा, तुम्ही हट्टी आहात,” असं ती तोंडावर सांगते, गोड बोलून पाठीमागे नावं ठेवत नाही. हत्यारांची पेटी शेजारच्या आशय देवधरला. व्हीसीआरचा पट्टा कसा बदलायचा हे मी त्याला शिकवून ठेवलं आहे, त्याचं काम कलम ६ मध्ये लागेल.

४. चित्रपट. ‘आतली कडी’ हा मराठी चित्रपट १९८४ साली आम्ही दोघांनी पहाडगंजला मराठी मंडळींच्या एका खेळात लोखंडी खुर्च्यांवर बसून पाहिला. मैत्रेयीने मला विचारलं होतं, “आजोबा, कडी म्हणजे?” तिच्या घराचं दार कार्डाने उघडतं, तिला दोष नाही. कडी म्हणजे दाराची कुंडी, बेटा. गोष्ट साधी आहे. सासरी घुसमटलेली एक बाई ट्रंक भरून दाराशी उभी राहते. शेवटची चार मिनिटं एकही शब्द नाही. ती कडीवर हात ठेवते, बराच वेळ ठेवते, मग कडी घट्ट लावून ट्रंक परत पलंगाखाली सरकवते. संपलं.

हा चित्रपट माझ्याकडे चार रूपांत आहे, त्यांची वाटणी अशी. व्हीसीडी, दोन तबकड्या: वीस मिनिटं कापलेली, चेहरे पालथ्या ताटात पाहिल्यासारखे. ती कोणालाही द्यावी, किंवा पक्षी हाकलायला गच्चीवर टांगावी. डीव्हीडी: चित्र बरं, पण बाजाराचा अकरा मिनिटांचा प्रसंग गायब. ती मीनाक्षीला. नवी दुरुस्त केलेली ब्लू-रे, राजीवने माझ्या पंच्याहत्तरीला आणलेली: सुरेख, साडीचा काठसुद्धा मोजून घ्यावा, पण बाजार यातही नाही. ती राजीवला परत. त्याने तिचं वेष्टनही स्वतःच फोडलं होतं.

चौथी, व्हीएचएस कॅसेट, १९८६ची. बाजाराचा प्रसंग असलेली, माझ्या माहितीत राहिलेली ही एकमेव प्रत. हिच्यावर लाल शाईत, माझ्याच अक्षरात ‘खराब’ असं लिहिलं आहे. ते खोडू नये. ते का लिहिलं, हे सांगितल्याशिवाय पुढची कलमं कोणाला कळणार नाहीत.

५. खराबीची हकीकत. १९९२ साली कौशल्याबाई शेजारच्या घरात थोरल्या दिराकडे राहत होत्या. नवरा गेलेला, नजर गेलेली, दिवसभर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मटार सोलत बसवलेलं. अहिल्येची आणि त्यांची गच्चीवरून मैत्री. अहिल्येने त्यांना या चित्रपटाबद्दल इतकं सांगितलं होतं की एके दिवशी त्या म्हणाल्या, “दीदी, मुझे भी दिखा दो.”

आमच्या व्हीसीआरला माइक लावून चालू चित्रावर नवा आवाज भरायची सोय होती. अहिल्येने एका दुपारी माइक लावला आणि पडद्यावर जे दिसेल ते हिंदीत सांगत गेली. कोण आलं, कोण गेलं, साडी कोणती, डोळ्यांत काय आहे. संवादही तिनेच म्हटले, ते तिला पाठच होते. तिची कल्पना अशी की जुना आवाज खाली राहील आणि तिचा वर बसेल, रेडिओवर संगीतावर निवेदन असतं तसा. प्रत्यक्षात जुना आवाज पुसला जात होता.

मी ऑफिसातून आलो तेव्हा शेवटची चार मिनिटं चालू होती. मला माइक दिसला, लाल दिवा दिसला, आणि माझं डोकं फिरलं. ती कॅसेट मिळवायला मी मुंबईला सात पत्रं लिहिली होती. मी नको ते बोललो, आणि नंतर सतरा दिवस बोललोच नाही. काही सांगायचं असलं की ऑफिसच्या सवयीने चिठ्ठीवर शेरा लिहून फ्रीजवर ठेवायचो, तीही खाली शेरा मारून परत करायची. ‘गॅस नोंदवला का?’ ‘होय.’ असा आमचा संसार चालला होता. कॅसेटवर ‘खराब’ लिहून मी ती शेजारी, कौशल्याबाईंच्या दिराकडे देऊन टाकली; व्हीसीआर त्यांच्याकडेही होता.

त्यानंतर आठवड्याभरात, भर दुपारी, कौशल्याबाई आमच्या दाराशी उभ्या. हातात ट्रंक, काखोटीला कॅसेट. भिंत चाचपत एकट्या आल्या होत्या. दीर गल्लीत ओरडत होता. संध्याकाळी मी आलो तर बरसातीत दिवा. मी चिठ्ठी लिहिली: ‘बरसाती कोणाच्या परवानगीने दिली?’ अहिल्येने खाली एकच शब्द लिहिला: ‘माझ्या.’ त्या चिठ्ठीवर मी पुढे काहीच लिहिलं नाही. बोलणं पुढे सुरू झालं, प्रकरण तसंच राहिलं.

अहिल्या गेल्यावर दुसऱ्या वर्षी एकदा दुपारी जिन्यात तिचा आवाज ऐकला. वर कौशल्याबाई कॅसेट ऐकत होत्या. त्या वर्षानुवर्षं ऐकत आल्या होत्या, मीच कधी वर गेलो नव्हतो. त्या दिवशी मी दाराशी उभा राहून पहिल्यांदा चित्र आणि आवाज एकत्र पाहिले. पडद्यावर ती बाई कडी घट्ट लावत होती. आणि अहिल्या सांगत होती, “उसने कुंडी खोल दी, बहन.” मग माझाच आवाज: “अगं, चहा झाला का?” मग तिचा: “थांबा हो, ती घर सोडतेय.” आणि पुन्हा हिंदीत, “चली गई. पीछे मुड़के भी नहीं देखा.” त्यानंतर माझा आरडाओरडा, आणि कॅसेट संपते.

हा चित्रपट मी चाळीसेक वेळा पाहिला आहे. त्याच्या प्रतींमधला मिनिटामिनिटाचा फरक मला तोंडपाठ आहे. आणि सगळ्यांत मोठा फरक माझ्या घरात, माझ्या कानांदेखत झाला, तेव्हा मी चहा मागत होतो.

६. खराब प्रत. ही कॅसेट, व्हीसीआर आणि जुना टीव्ही कौशल्याबाईंना. त्यांच्यानंतर मैत्रेयीला. आशयने व्हीसीआर चालू ठेवावा.

जयदीप सबनीस नावाचे एक संग्राहक गुरुग्रामहून तीन वेळा येऊन गेले. त्यांना बाजाराचा प्रसंग हवा आहे. त्यांचं म्हणणं, चित्र घेऊ, वरचा ‘बाईचा आवाज’ काढून टाकू आणि कलाकारांकडून संवाद नव्याने भरून घेऊ, म्हणजे चित्रपट एकदाचा पूर्ण होईल. राजीवने मला न विचारता त्यांना शब्द दिला. वर मला समजावलं, “आईचा आवाज आपण वेगळ्या फाइलमध्ये सेव्ह करू ना, बाबा. काहीच लॉस नाही.”

लॉस आहे. नुसता आवाज ऐकणाऱ्याला वाटेल, चित्रपट असाच आहे. नुसतं चित्र पाहणाऱ्यालाही तेच वाटेल. दोन्ही एकत्र असतील तरच दिसतं की अहिल्या टिपणीस नावाच्या बाईने काय केलं. सबनीसांना अकरा मिनिटं हवी असतील तर ती अहिल्येसकट घ्यावी लागतील. चहाचा आवाजही काढू नये, माझा ओरडाही काढू नये. माझी अब्रू राखण्याचं कंत्राट मी कोणाला दिलेलं नाही. अभ्यासकांना विचारलं तर चांगली प्रत ब्लू-रेच आहे, हे मलाही दिसतं. तरी मी, आयुष्यभर प्रतींची चिकित्सा केलेला माणूस, लिहून देतो की या चित्रपटाची अस्सल प्रत ही खराब प्रत आहे.

७. माझ्या तेराव्याला भाषणं नकोत. पुढच्या खोलीत ही कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत लावावी आणि राजीवने फोन बंद करून ती पाहावी.

कौशल्याबाईंना खरं काय ते कोणी सांगावं की नाही, याची चिंता करू नये. मी गेल्या दिवाळीत धीर करून सांगायला गेलो होतो. “भाभीजी, उस फिल्म का अंत,” एवढंच म्हणालो. त्या हसल्या. म्हणाल्या, “भाई साहब, मैंने उसी हफ़्ते जेठानी से पूछ लिया था कि परदे पर क्या हुआ. उसने सच बता दिया, ताना मारके, कि देख, वो भी नहीं गई. मैंने सोचा, वो नहीं गई तो न जाए. अहिल्या दीदी ने मेरे लिए झूठ बोला है, अब जाना तो पड़ेगा.”

मी जिना उतरून खाली आलो. मला अहिल्येशी बोलायचं होतं आणि ती नव्हती.

८. कॅसेटच्या डबीत ती चिठ्ठी आहे. कौशल्याबाईंना वाचता येत नाही, पण अहिल्येने त्यांच्याकडे जपायला दिली होती, आणि त्यांनी जपली. ती या मृत्युपत्राचाच भाग समजावी. वरच्या ओळीत माझा प्रश्न आहे, खाली तिचं उत्तर, आणि त्याखाली तेहतीस वर्षं रिकामी जागा होती. आज मी तिथे माझा शेरा लिहून सही केली आहे: ‘मान्य.’

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, आणि एकही शब्द मागे न घेता साक्षीदारांसमोर सही केली. साक्षीदारांना यातून काहीही मिळत नाही, म्हणूनच त्यांना बोलावलं. आशयला हत्यारं मिळत असल्याने तो बाहेर उभा आहे.

(सही) गुणवंत विनायक टिपणीस

साक्षीदार:
१. (सही) डॉ. देविका नाडकर्णी, फरीदाबाद
२. (सही) इंदुमती राजवाडे, निवृत्त मुख्याध्यापिका, फरीदाबाद

स्थळ: फरीदाबाद
दिनांक: ११ मार्च २०२५