पहिला तुकडा बिघडलेल्या केकचा

टोरांटो, गुरुवार

प्रिय आई,

मी टीव्हीवरच्या केक-स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचले. कार्यक्रमाची निर्माती ग्लेनिस हिनेच सांगितलं. तुझा गुडघा कसा आहे?

आज शेजारच्या टेबलावर दुसरी स्पर्धक टेस हिचा ब्लूबेरी केक मधोमध खचला. ग्लेनिस माझ्या कानाशी म्हणाली, "मार की एखादा टोमणा! लोक भांडणं बघायलाच बसतात." मला आपल्या चर्चमधली जेवणं आठवली. ज्याचा केक बिघडला असेल, त्याचाच पहिला तुकडा तू घ्यायचीस. मीही कॅमेऱ्यासमोर तेच केलं.

टेस रडता रडता हसली, "लॉर्ना, वेडी आहेस का गं? कच्चा आहे तो!"

ग्लेनिस तेव्हापासून बोलत नाही. उद्या बहुतेक मला घरी पाठवतील. तसं झालं, तर रविवारच्या जेवणाला केक माझा. बिघडला, तर पहिला तुकडा तुझा.

तुझीच,
लॉर्ना