पिवळी बादली

मंगळवार, १४ मार्च
होडीवरून

ती. स्व. आईंना,

वाकून नमस्कार केलाय असं धरून चाला. इथे एकदा वाकलं की पुन्हा सरळ उभं राहता येईल याची खात्री नसते. होडी सारखी एका कुशीवर कललेली, आणि आपण दुसऱ्या बाजूला बसून तिला सावरायचं.

हवा छान आहे. ऊन असं की तुमच्या सगळ्या गाद्या इथे आणल्या असत्या तर एका सकाळीत खडखडीत वाळल्या असत्या. तुम्ही पुरचुंडीत बांधून दिलेलं आलं पहिल्याच दिवशी कामाला आलं. मला नाही लागलं, तुमच्या चिरंजीवांना लागलं. ‘मला काही होत नाही’ म्हणत ऐटीत बसले होते, तासाभरात कठड्याला लोंबकळायला लागले. मी पाठ चोळली. तेवढं करू दिलं त्याने.

फोन का केला नाही म्हणाल. फोनवर तुम्हाला ‘हॅलो’च्या पुढे काही ऐकू येत नाही, आणि मला जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही. म्हणून पत्र.

होडीवर आमच्याशिवाय एकच माणूस, तांडेल. होडी त्याची, चालवतोही तोच. साठीचा असेल, तोंडाचा पट्टा अखंड चालू. दुसऱ्या बेटाजवळ शिडाची शिवण उसवली, तर हा दाभण घेऊन गोणपाट शिवल्यासारखे टाके घालायला बसला. मला राहवेना. दाभण काढून घेतलं आणि दुहेरी शिवण मारून दिली. म्हणाला, “बाई, तुमचं दुकान आहे का?” म्हटलं, आहे. घराच्या खालीच. शिवणकाम माझं आणि काज-बटणं सासूबाईंची, आणि काजं अशी की बटण घालताना हाताला कळतं. तो हसला. मला मात्र तुमची खुर्ची आठवली, खिडकीजवळची, आणि दोरा दाताने तोडायची तुमची सवय.

बेटं सुंदर आहेत. पहिल्या बेटावर एकच गल्ली, तिच्या एका टोकाला न्हाव्याचं दुकान आणि दुसऱ्या टोकाला समुद्र. दुसऱ्यावर दीपगृह. रोज ताजे मासे, पाव, चहा. आम्ही दोघं बरोबर फिरलो, बरोबर जेवलो. “तू घे.” “नको, तू घे.” असं चालायचं. कुणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून गेल्यासारखे वागत होतो. तुम्ही घरी हे रोज बघताच, म्हणून तर आम्हाला पाठवलंत.

मधे लिहायची थांबले होते. तांडेलाने चहा दिला. तो डोक्याला पंचा गुंडाळून बसलाय, कारण त्याची टोपी आम्ही बुडवली. ते सांगते.

निघताना तुम्ही मला जिन्यात गाठून म्हणाला होतात, “त्याला एकदा रडव गं. आतल्या आत कुजतोय तो.” ठकीला तापाने नेलं त्याला दोन वर्षं झाली. मी दुकानात, जिन्यात, भाजी निवडताना, कुठेही रडले. तुम्ही रडलात. तो दवाखान्यातही रडला नाही आणि तिची शाळेची पिशवी खुंटीवरून काढतानाही नाही. सकाळी डबा घेऊन कुणाकुणाच्या इमारतीतल्या लिफ्ट दुरुस्त करायला निघून जायचा आणि संध्याकाळी येऊन तुमची कंबर कशी आहे ते विचारायचा.

तर आई, तुमचं काम झालं. तो रडला.

झालं असं. तिसऱ्या बेटाकडे जाताना तांडेल म्हणाला, तुमच्यापैकी कुणी पाण्यात पडलं तर मी आहे, पण मीच पडलो तर? मग शिकवायला बसला. एकाने पडलेल्यावरची नजर हलवायची नाही आणि हात त्याच्याकडे रोखून धरायचा, काही झालं तरी. लाटांत माणूस एकदा नजरेआड झाला की सापडत नाही. दुसऱ्याने मागे न बघता सुकाणू धरायचं आणि होडी वळवून आणायची. एवढं सांगून त्याने डोक्यावरची टोपी काढून पाण्यात भिरकावली. “पडलो मी! करा काय ते!”

आम्ही दोघांनी हात रोखले. दोघांनीही, आई. दोघंही त्या टोपीकडे टक लावून उभे, आणि होडी आपली सरळ पुढे चाललेली. टोपी लांब गेली, ठिपका झाली, दिसेनाशी झाली. तांडेल कपाळाला हात लावून म्हणाला, “अहो, दोघांनी बघून काय होणार? वळवायचं कुणी?”

तो सहज बोलला, त्याला काय माहीत. पण आमची दोघांची नजरानजर झाली, आणि लगेच दोघांनी दुसरीकडे बघितलं.

तांडेलाने पुन्हा करायला लावलं. या वेळी डेक धुवायची पिवळी बादली झाकण लावून टाकली. मी हात रोखून धरला, तुमच्या लेकाने सुकाणू धरलं. मी ओरडत होते, “डावीकडे! अजून डावीकडे!” आणि होडी फिरली, आणि बादली अगदी हाताशी आली. तो पोटावर झोपला, हात लांबवला आणि उचलली. “सापडली!” म्हणून ओरडला. “अगं, सापडली बघ!” हसत होता. दोन वर्षांत मी त्याचे दात बघितले नव्हते.

आणि हसता हसता त्याचा चेहरा मोडला. बादली मांडीवर घेऊन तो खालीच बसला आणि रडायला लागला. लहान मूल रडतं तसा, नाक गळेपर्यंत. तांडेल उठून पुढे गेला, पाठ करून बसला. भला माणूस आहे.

मी गेले नाही त्याच्याजवळ. चार पावलं होती. माझा हात अजून पाण्याकडेच रोखलेला होता. बादली वर आलेली, तो समोर रडतोय, हे सगळं कळत होतं, पण हात खाली करवेना. तो खाली केला तर ठकी नजरेआड होईल असं मला खरंच वाटत होतं. तुम्हाला हे वेडेपणाचं वाटेल. वाटू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेटाच्या धक्क्यावर तो म्हणाला, “तू हात खाली केला नाहीस.”

“माझ्याच्याने झालं नाही.”

“माहितेय. मी रागावलो नाहीये.” मग बराच वेळ दोराशी चाळा करत बसला. “घरात मला गुदमरायला होतं गं. तुझी हनुवटी तिच्यासारखी आहे. तुझ्याकडे बघितलं की...”

“मग बघू नकोस.”

“दोन वर्षं तेच तर करतोय.”

मग त्याने सांगितलं की बदली मागितली होती, मिळालीय. दुसऱ्या शहरात. एकट्याची. तिथून परत कधी, ते मी विचारलं नाही, कारण उत्तर त्याच्या तोंडावरच होतं. म्हणाला, “आपल्यातल्या एकाने तरी वळायला हवं.” तेव्हा मात्र माझं टाळकं सरकलं. म्हटलं, तांडेलाने होडी वळवायला शिकवली ती माणसाला परत घ्यायला. तू वळतोयस तो जायला. माझी पिशवी वाऱ्यात पडली होती, ती त्याने उचलून नीट भिंतीला टेकवून ठेवली आणि तो दुपारच्या फेरीबोटीत बसला.

मला राग आला. अजून आहे. आणि आई, मला तो हवा होता. आत्ता हे लिहितानाही हवा आहे. पण तो घरी हसेनासा झाला होता, आणि त्या बादलीपायी मी त्याला हसताना बघितलं. कुठेतरी तो पुन्हा तसा हसणार असेल, तर माझी हनुवटी त्याच्यासमोर सारखी कशाला?

म्हणून हे पत्र एकटी लिहितेय. वर जिथे जिथे ‘आम्ही’ लिहिलंय ते सगळं तिसऱ्या बेटापर्यंतचं. पुढचं बेट मी बघितलं नाही, धक्क्यावरच बसून राहिले. तांडेल म्हणाला, पैसे भरलेत तर होडी जिथे न्यायची तिथे नेतो.

पत्र पोचायच्या आधी तो पोचेल. ‘ती मागून येतेय’ एवढंच सांगेल, कपडे भरेल आणि तुमची कंबर कशी आहे ते विचारेल. त्याला ओरडू नका. पोटभर जेवायला घाला.

आता माझं. ते घर तुमचं, वरचंही आणि खालचंही. मी तिथे सून म्हणून आले. मुलगाच जातोय म्हटल्यावर सुनेने राहायचं की नाही, हे मला कळत नाही, आणि माझ्या माहेरचे सांगतील ते मला नको आहे. तुम्ही सांगा. दुकान दुसरीकडेही थाटता येईल, गिऱ्हाईकं मिळतील. पण तुमच्यासारखी काजं कोण करणार, आणि ठकीने डाव्या हाताने पहिला टाका घातला होता तो कुणाला आठवणार?

रविवारी पोचेन. किल्ली आहे माझ्याकडे, तरी बेल वाजवीन. तुम्ही दार उघडलं नाहीत तर मी समजेन, मनात काही धरणार नाही.

उघडलंत, तर एक करा. ठकी झाल्यापासून तुम्ही मला जी हाक मारायचात, दुकानात वरून ओरडून मारायचात, ती ठकी गेली त्या दिवसापासून बंद केलीत. तेव्हापासून मी नुसती ‘अगं’. माझ्या जिवाला लागू नये म्हणून तुम्ही तसं केलंत, कळतं मला. पण ‘अगं’ तोही म्हणायचा. रविवारी दारात मला ‘अगं’ म्हणू नका. जुनी हाक मारा, मग मी आत येईन.

तुमची,
ठकीची आई