झडप कुणी उचलली

१ नोव्हेंबर १९७४
हजर झालो. साखर कारखान्याचा टेलिफोन बोर्ड, एक महिना चाचणीवर. सांगलीला पॉलिटिक्स घेऊन बी.ए., सेकंड क्लास. चार शाळांनी इंटरव्ह्यूला बोलावलं आणि काठी बघून चहा पाजला. इथं चहा नाही, पण खुर्ची आहे. मॅनेजर म्हणाले, "महिनाभर बघू. डोळ्यांचं कारण सांगायचं नाही." नाही सांगणार.

४ नोव्हें.
बोर्डावर वीस झडपा. फोन आला की त्याची झडप पडते, टक. बोटानं चाचपायची, वायर खुपसायची, विचारायचं कोण हवंय, झडप वर. सगळ्या पाठ झाल्या. मिल तिसरी, दवाखाना अकरावी.
शिपाई तात्या, मलकापूरचे. तेही गोडाऊनमधून याच महिन्यात इकडे आलेले. स्टँडवरून हात धरून आणतात. "काय बीए, जेवला का?" बाकीचे माझ्याशी ओरडून बोलतात. मी बहिराही आहे असं वाटत असावं.

१५ नोव्हें.
दिवाळीला दोन दिवस वडूजला. आई : "आता तरी पक्कं झालं का रं?" व्हय म्हणालो. खोटं.

१९ नोव्हें.
वाईट दिवस. मिलमध्ये एका कामगाराचा हात पट्ट्यात गेला. डॉक्टरसाठी त्यांनी दोनदा फोन केला, बोर्डावरून उत्तर नाही. शेवटी एकजण दवाखान्यापर्यंत पळत गेला.
मी खुर्चीतच होतो. साताऱ्याचा कॉल जोडत होतो, टक ऐकलं होतं. हात फिरवला तर सगळ्या झडपा वर. वाटलं, भास झाला. त्या कामगाराची दोन बोटं जातील म्हणतात. जेवण गेलं नाही.

२० नोव्हें.
तात्या आपणहून बोलून गेले, बोर्डावर फडकं मारता मारता. "काल बी दोन पडल्या हुत्या, केल्या वर. तुमास्नी कशाला तरास?"
त्यांना वाटतं, झडप पडली म्हणजे माझाच हात लागून पडली. कुणी बघायच्या आत उचलून ठेवतात. माझी चूक झाकत होते! उद्या मॅनेजर साहेबांनी बोलावलंय. काय करू...

२१ नोव्हें.
साहेब तोंडावर म्हणाले, "आंधळ्याला बसवलं ही माझीच चूक." नाव घ्यायचं नाही असं ठरवून गेलो होतो. घेतलं. तात्यांना आत बोलावलं. "व्हय साहेब, मीच. मला काय ठावं, फोन आसा येतो म्हून." माझ्याविषयी एक शब्द नाही. त्यांना मेमो, बदली गेटवर.
लाज वाटते आहे. सुटल्यासारखंही वाटलं, तेही ब्रेलमध्ये टोचून ठेवतो.

२५ नोव्हें.
स्टँडवरून एकटा. रस्ताभर उसाच्या बैलगाड्या, दोनदा चाकाला धडकलो. गेटवर विचारलं, "तात्या आहेत का?" कुणीतरी खाकरलं. ते तात्याच.
बोर्डाला आता कुणी हात लावत नाही. एकही फोन चुकला नाही.

३० नोव्हें., शनि.
साहेबांनी पत्र वाचून दाखवलं. पक्कं. हातात हात दिला, म्हणाले, "मन लावून करा." त्या कामगाराच्या बोटांचं काय झालं विचारलं, तर विषय बदलला.
आईला कार्ड टाकायचंय. कुणाकडून तरी लिहून घ्यावं लागेल. अजून कुणाला सांगितलं नाही.
उद्या मलकापूरला जातो, तात्यांकडे. घर माहीत नाही, विचारत जाईन. दार उघडलं तर म्हणायचं काय? चुकलो म्हणू? ते खोटं होईल. तशीच वेळ आली तर परत नाव घेईन, हे मला ठाऊक आहे. त्यांनाही असेल.
तरी जाणार.