माझ्या मापाची जोधपुरी

३ जानेवारी, शनिवार
नवीन वर्षाचा संकल्प : गौतमीला याच महिन्यात सांगून टाकायचं. स्पष्ट, एका दमात, न अडखळता. (तूप कमी करणे आणि पहाटे फिरायला जाणे हे संकल्प त्यानंतर.)

संध्याकाळी तिचाच फोन. घरचे म्हणतायत, फेब्रुवारीत लग्न उरकू, इथेच जयपूरला. बाबा नाहीत, आई अकोल्यात एकटी, बाजार कोण करणार? सर, तुमच्याशिवाय इथं माझं कोण आहे, असं म्हणाली. शब्दशः. कुणाशी लग्न ते बोलली नाही, मीही विचारलं नाही. ज्याला सांगायचं त्यालाच कसं सांगणार बिचारी! मुदत दिलीये मला.

ती मला सर म्हणते. आदर हा संसाराचा पाया असतो.

४ जानेवारी
तिला सांगितलं, नऊ वर्षं या शहरात स्टॅटिस्टिक्स शिकवतोय, बाजार मला तोंडपाठ. उत्साहात आजच बापू बाजारला नेलं. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात. शटर्स बघत हिंडलो, कचोरी खाल्ली, परत आलो. माझ्यासोबत नुसतं फिरायलाही तिला आवडतं, हे सिद्ध झालं.

१० जानेवारी
हिरवा चुडा शोधायला मनिहारों का रास्ता. सगळीकडे लाखेच्या बांगड्या. काचेच्या हिरव्या मागितल्या की दुकानदार लालच पुढे करतो. एकजण म्हणाला, भाईसाहब, भाभीजी को लाल पहनाओ, दुल्हन हरे में अच्छी थोड़े लगती है. गौतमी हसली. नाही म्हणाली नाही, हसली! मी भाव करायचं विसरलो आणि नको असलेला आरसेकामाचा डबा घेतला.

मध्येच तिला फोन. कोणी अनिमेष. मिलिटरीत कॅप्टन आहे, सध्या बाडमेरकडे. दर दुकानात याचा फोन. तिने मला व्हिडिओवर दाखवलं, तर तो म्हणाला, थँक्यू सर, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे. चुलतभाऊ असावा. ती त्याला सरळ अनिमेष, अनिमेष म्हणते. आमच्याकडे मुली होणाऱ्या नवऱ्याचं नाव असं घडोघडी घेत नाहीत, उखाण्याला राखून ठेवतात. माझं नाव तिने आजवर एकदाही घेतलेलं नाही.

११ जानेवारी
साताऱ्याला विनयाताईला फोन. हिरवा चुडा कुरिअर कर म्हटलं. ताई म्हणाली, गोंद्या, चुडा माहेरचा असतो, तू कशाला घेतोयस? आणि तिला सरळ विचार एकदा. ताईचा स्वभाव पहिल्यापासून शंकेखोर. तिला इकडचं वातावरण माहीत नाही.

१४ जानेवारी
आज सांगणार होतो. तिच्या गच्चीवर ती काम करते त्या हॉस्पिटलची सगळी मंडळी, आभाळभर पतंग, लाउडस्पीकर. तिळगूळ देताना वाक्य तयार होतं. तेवढ्यात कोणीतरी ‘वो काटा’ ओरडलं आणि मांज्याने माझं बोट कापलं. गौतमीने पट्टी बांधली. हात किती थंड पडलाय सर, बीपी बघितलंत का, म्हणाली. एवढी काळजी कोण करतं?

सांगणं पुढे ढकललं. घाई करून चालत नाही.

१७ जानेवारी
आज निकाल लागला!!

चांदपोलजवळचा टेलर. गौतमी म्हणाली, सर, जरा उभे राहा ना, जोधपुरीचं माप द्यायचंय. माझं माप! खांदे, छाती, पोट (श्वास रोखून धरला). कापड तिने निवडलं, मोरपंखी. तिने अनिमेषला फोटो पाठवला, त्याने पसंत केलं. चुलतभावाला विचारायची काय गरज, पण असो, घरचा मान. मास्टर म्हणाला, साहब पर खूब जँचेगा. ती म्हणाली, जँचना ही चाहिए.

जुत्याही घेतल्या. चावतात. तक्रार नाही.

आता सांगण्याची गरजच उरली नाही. तरी रीत म्हणून सांगेन.

२५ जानेवारी
चुडा आला. अर्ध्या बांगड्या वाटेतच वाढल्या. (फुटल्या म्हणू नये.) उरलेल्या गौतमीला दिल्या. तिने हातात धरल्या आणि डोळ्यांत पाणी. आईला दाखवते म्हणाली. मीही आत जाऊन तोंड धुऊन आलो.

घरमालकांना विचारून ठेवलं, दोन माणसं राहिली तर चालेल ना. चालेल म्हणाले. नवीन पडदे घेतले. गॅसची शेगडी पुसली.

३१ जानेवारी
टेलरकडे जोधपुरी घालून पाहिली. छान बसली. आरशात बराच वेळ होतो. मागे गौतमी उभी. आता सांगायचंच म्हणून वळलो, तर तीच बोलली.

म्हणाली, मला भाऊ नाही. आई रोज रडते, की पोरीच्या लग्नात नवरदेवाचा कान पिळायला कोणी नाही. मी आईला सांगितलंय, सर आहेत. कानपिळ्याचा पोशाख मुलाकडून असतो ना, म्हणून अनिमेष म्हणाला, तूच त्यांना माप द्यायला ने, त्यांच्या मनासारखं शिवून घे. कराल ना, दादा?

दादा.

मास्टर खाली बसून पायजम्याला टाचण्या लावत होता. हलू नका म्हणाला. मी हललो नाही. हो म्हटलं.

१ फेब्रुवारी
जायचं नाही. ताप आल्याचं कळवायचं.

२ फेब्रुवारी
ताप येत नाही. तीनदा मोजला.

माझी चूक नाही. तिने आधीच नीट सांगायला हवं होतं. ताई म्हणते, तिने रोज सांगितलं, तू ऐकलं नाहीस. ताईशी बोलणं बंद.

५ फेब्रुवारी
जाणार. नवा संकल्प. कान असा पिळायचा, की कॅप्टनसाहेबांना जन्मभर आठवण राहिली पाहिजे. त्याची सगळी फौज बघत असली तरी बेहत्तर. रीतच आहे, कोणी काही म्हणू शकत नाही. उशीवर सराव केला.

८ फेब्रुवारी
लग्न लागलं. तिच्या हातात हिरवा चुडा. बांगड्या मोजक्याच, पण भरलेला वाटत होता हात.

कानपिळीला मला बोलावलं. तिची आई पुढे आली, माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली, मुला, तू आलास म्हणून माझी पोर एकटी पडली नाही, म्हणाली. मग अनिमेषसमोर उभा राहिलो. कान धरला. कान गरम होता आणि तो माणूस थरथरत होता. हळूच म्हणाला, दादा, मला फार भीती वाटतेय, मी नीट सांभाळेन ना हिला? मिलिटरीतला माणूस!

माझ्या बोटांत जोरच येईना. सगळे ओरडत होते, अहो पिळा, पिळा की! फोटोग्राफर म्हणाला, भैया, एक बार और. पुन्हा धरला. तरी नाही जमलं. तिला दुखवलंस तर बघ, एवढंच म्हणायचं होतं, त्याऐवजी सांभाळशील रे, असं म्हणून मीच रडायला लागलो. गौतमीही रडली. लोकांना वाटलं, भाऊ आहे, रडणारच.

माझं तिच्यावर फार प्रेम आहे. हे इथेच लिहिलेलं बरं, दुसरीकडे कुठे लिहिणार.

घरी आलो. ताईचा फोन. बोलणं बंद होतं, तरी घेतला. म्हणाली, जेवलास का?

म्हटलं, हो, सगळ्यात शेवटी. मुलीकडच्यांना शेवटीच बसावं लागतं.