सत्त्याऐंशी नंबरचं कार्ड

२ नोव्हेंबर, बुधवार

अठ्ठावीस दिवस! सरांनी आज तारीख कागदावर लिहून भोवती लाल गोल काढून दिला. "तीस तारीख, संध्याकाळी पाच. खिडकी बंद झाली की संपलं. यापुढे मुदत नाही, बाई. मी कोणाच्या पाया पडलो तरी नाही."

सात वर्षं झाली. तीनदा मुदत वाढवून घेतली. आता पीएच.डी.चा प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, आणि नोंदणी रद्द म्हणजे कॉलेजातले माझे तासही गेले. चव्वेचाळिसाव्या वर्षी मला कोण दारात उभं करणार? विषय काय तर भयकथा आणि डिस्टोपिया, म्हणजे उद्याच्या जुलमी जगाच्या कथा. स्टाफरूममध्ये मला 'भुताच्या बाई' म्हणतात. म्हणोत.

चौथं प्रकरण टाईप करायला बसले. आईच्या खोलीत उतरवायची नवी कार्डं ठेवली, पाणी ठेवलं, केस विंचरून दिले, "पाच मिनिटांत आले गं" म्हटलं आणि कडी लावली. उठले तेव्हा दुपार उलटून गेली होती.

५ नोव्हेंबर, शनिवार

सरांशी पुन्हा तेच भांडण. सर म्हणजे आदिबंधांचे भक्त. गुहा, अंधार, गिळणारी आई — माणूस गुहेत राहायचा तेव्हापासून हेच चाललंय, म्हणतात. कुठल्याही कथेतलं भूत त्यांच्यापुढे ठेवा, ते त्याला दहा हजार वर्षं मागे नेऊन बसवतात. मी म्हणते, सर, गुहा राहू दे, गुहेच्या दाराची किल्ली कोणाकडे आहे ते आधी बघा ना!

माझं समाजशास्त्र सरळ आहे. भयकथेत कडी आतून असते. बाहेरचं काहीतरी आत येऊ नये म्हणून घरातली माणसं एकमेकांना चिकटून बसतात. आणि बाहेर जो असतो तो बहुतेकदा त्याच घराने, त्याच गावाने हाकललेला असतो. डिस्टोपियात कडी बाहेरून असते, आणि ती लावणारा म्हणतो, तुझ्याच भल्यासाठी. बस्स. सात वर्षांचं सार एवढंच! बाकी तळटीपा.

"कडी हासुद्धा आदिबंधच आहे," सर म्हणाले. घ्या.

९ नोव्हेंबर, बुधवार

सरांचा सकाळीच फोन. चौथं प्रकरण वाचलं. आवाज चढलेला — आनंदाने! सात वर्षांत पहिल्यांदा.

"ती सत्त्याऐंशी नंबरची कथा! अहो, काय कथा आहे! मुलगी आईला गिळते, उलटा आदिबंध! आणि तुमचं ते सत्तेबद्दलचं, जिच्या हातात कडी तीच घाबरलेली... अकरा पानं एका दमात वाचली. लेखक कोण? संदर्भ दिलेला नाही तुम्ही."

"टाकते सर," म्हटलं.

"टाकाच. मूळ कथा बघितल्याशिवाय मी सही करणार नाही. तुमचं सगळं प्रकरण त्या कथेवर उभं आहे."

कार्ड काढलं. मागची बाजू कोरी. लेखक नाही, मासिक नाही, साल नाही.

१० नोव्हेंबर, गुरुवार

आठवतच नाही! मी ही कथा वाचली कधी?

माझी पद्धतच मुळात घातकी. कथा वाचायची, रद्दीच्या कागदावर सारांश खरडायचा, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून तो कागद आईला द्यायचा. आई कार्डावर उतरवणार, कागद केराच्या टोपलीत. दोनशे अकरा कार्डं अशीच झाली. आई एकतीस वर्षं कोर्टात नक्कलनवीस होती, निकालपत्रांच्या नकला हाताने काढायची. तिचा नियम असा की मुळात चूक असेल तर चुकीसकट उतरवायचं, आपल्या पदरचा शब्द घालायचा नाही. दोन वर्षांपासून तिला दिवस आठवत नाहीत, कधीकधी मीही आठवत नाही, पण अक्षर मोत्यासारखं आहे तसंच. काम असलं की शांत असते. गेल्या वर्षी मार्चमध्ये एकटीच बाहेर पडली आणि बस डेपोत माझ्या शाळेचा पत्ता विचारत फिरत होती, त्यानंतर सुताराकडून तिच्या दाराला बाहेरून कडी बसवून घेतली. करणार काय?

कार्ड इथे उतरवून ठेवते, सारखं हाताळून फाटायला नको.

"एका घरात एक म्हातारी राहते. तिला मुलगी आहे. एक दिवस मुलगी कामाला जाते ती परत येत नाही. तिच्याऐवजी एक बाई येते. बाईचा आवाज मुलीसारखा, चपला त्याच. बाई वाईट नाही. जेवायला वाढते, केस विंचरते. जाताना दार बाहेरून लावते. पाच मिनिटांत आले म्हणते. म्हातारी तिला बोलत नाही, कारण बाई फार घाबरलेली आहे. म्हातारी मुलीची वाट बघते."

खाली माझे नेहमीचे तीन प्रश्न. कोण घाबरलंय? — बाई. कोणाला? — म्हातारीला. कडी कोणाच्या हाती? — बाईच्या.

मी मी म्हणणाऱ्यांना हे साधलेलं नाही. आणि हा लेखक कोण तेच मला माहीत नाही!

१४ नोव्हेंबर, सोमवार

तीन ग्रंथालयं झाली. जुन्या मासिकांची धूळ खाऊन घसा बसला. निवृत्त ग्रंथपालबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, वाचल्यासारखी वाटते खरी. सगळ्यांना वाचल्यासारखी वाटते! रद्दीवाल्याकडे पाय मोडेपर्यंत उभी राहिले.

घरी आले तर जिन्यात वरच्या काकू. "अगं, आई हाका मारत होती दुपारी. मी कडी काढणार होते, पण म्हटलं तुला आवडायचं नाही." बरं केलंत म्हटलं. आत आई शांत बसलेली. जेवली नीट.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

नाही. कुठेच नाही.

२१ नोव्हेंबर, सोमवार

वर्गात तीच कथा सांगितली. म्हटलं, कोणीतरी 'मॅडम, ही मी वाचलीय' म्हणेल. भुताची गोष्ट सांगूनही एवढा शांत वर्ग मी बघितला नव्हता. मग पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "त्या बाईला माहीत असतं का, की ती मुलगी राहिलेली नाहीये?"

मी काहीतरी लांबलचक ठोकून दिलं — व्यवस्था, भूमिका, मुखवटा वगैरे. तिने वहीत काही लिहून घेतलं नाही.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

आज पाप करणार होते. "निनावी कथा, बंद पडलेले मासिक, अंक अनुपलब्ध." टाईपसुद्धा केलं. कोण तपासणार आहे? मग सरांचा चेहरा आठवला. माणूस आदिबंधांच्या पायी वेडा आहे, पण माझ्यासाठी तीनदा भांडलाय. खोडलं. खोडल्यावर रडले. आठ दिवसांत नवं प्रकरण लिहायला मी काय जादूगार आहे?

मधेच आईने दार वाजवलं. "कोण आहे?"

"मी आहे, आई. पाच मिनिटांत आले."

"कोण मी?"

"अगं मीच! जरा गप्प बस ना, माझा जीव चाललाय इथे!" अशी ओरडले की वरच्या काकूंचा रेडिओ बंद झाला. आत गेले तर आई गादीच्या कडेला पाय जुळवून बसलेली, वर्गात ओरडा खाल्लेल्या मुलासारखी. पाणीसुद्धा प्यायली नव्हती. मी मेले का नाही?

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

नीट लिहिते.

आईची कोर्टातली सवय आहे. नक्कल पूर्ण झाली की खाली उजव्या कोपऱ्यात 'खरी नक्कल' लिहायचं. कार्डांवरही लिहिते, बारीक, 'ख. न.' इतकी वर्षं डोळ्यांसमोर आहे, म्हणूनच मला ते दिसत नाही.

आज परिशिष्टासाठी सगळी कार्डं क्रमाने लावत होते. एक ते शहाऐंशी, ख. न. अठ्ठ्याऐंशी ते दोनशे अकरा, ख. न. खाडाखोड झालेल्यांवरही आहे. ताप होता त्या दिवशीच्या कार्डांवरही आहे.

सत्त्याऐंशीवर नाही.

चारदा बघितलं. भिंग आणून बघितलं. नाही! ती नक्कल नाहीच. मी असली कथा वाचलेलीच नाही. माझ्या हातचा तो कागद कधी नव्हताच.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तीन ग्रंथालयं पालथी घातली मी. आणि ती अकरा पानं! 'सत्ता स्वतःच्या कोमल आवाजावर विश्वास ठेवू लागते तेव्हा ती अधिक भयावह होते.' काय वाक्य आहे! टाईप करून खोलीबाहेर आले असेन, कडी काढली असेन, आत जाऊन जेवण वाढलं असेन.

कडीकडे आज पहिल्यांदा नीट बघितलं. चार स्क्रू आहेत.

२७ नोव्हेंबर, रविवार

काल दिवसभर आई माझ्याशी 'तुम्ही' म्हणत बोलली. आज सकाळी चहा घेताना एकदम "अगं, किती वाळलीस तू" म्हणाली. आली होती! अशी येते कधीकधी, अर्धा तास, तासभर. मी धावत कार्ड आणलं.

"आई, ही नक्कल कशाची?"

चष्मा लावून तिने वाचलं. अख्खं. "ही नक्कल नाही. नक्कल असती तर खाली लिहिलं असतं मी."

"मग काय आहे?"

"अर्ज आहे."

"कोणाला?"

"तुला. कोणाला काय!" माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच विसरभोळी. "तू कार्डं तेवढी वाचतेस. तोंडी सांगितलेलं कुठे ऐकतेस? लहानपणापासून तशीच."

म्हटलं, "वाचलं मी, आई. अकरा पानं लिहिली त्याच्यावर. सर म्हणाले, फार छान आहे."

"अकरा पानं?" ती खूश झाली, खरंच खूश झाली. कार्ड उलटून बघितलं, मागे कोरं. मग म्हणाली, "आणि निकाल काय दिलास?"

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. हमसून हमसून. तिने थोपटलं, नेहमीसारखं, दोन जोरात आणि एक हळू. थोड्या वेळाने थोपटणं थांबलं. वर बघितलं तर ती माझ्याकडे बघत होती, सभ्यपणे, आणि म्हणाली, "बाई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का? माझी मुलगी आली की तिला सांगते, डॉक्टरकडे नेईल."

२८ नोव्हेंबर, सोमवार

कडी काढली. एक स्क्रू गंजला होता, सुरीने काढावा लागला, बोट कापलं. दारावर चार भोकं राहिलीत.

पुढे काय करणार, माहीत नाही. ती बाहेर पडली तर? वरच्या काकूंना विचारलं, माझे तास असतील तेव्हा बसाल का? त्या म्हणाल्या, "अगं, मी वर्षभर वाट बघतेय तू कधी विचारतेस याची. मला तरी कोण आहे बोलायला?" माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की विचारता येतं.

दुपारी आईला घेऊनच सरांकडे गेले. आई बाहेरच्या खोलीत त्यांचं घड्याळ बघत बसली. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. म्हटलं, चौथं प्रकरण संपलं, सर. सही नका करू.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता गुहा काढतात. म्हणाले, "ह्याला आदिबंध म्हणायची माझी हिंमत नाही." मग म्हणाले, "ती अकरा पानं काढा. कार्ड ठेवा. आहे तसं, परिशिष्टात, संदर्भासकट. आणि प्रकरणाच्या शेवटी एक पान लिहा, तुम्ही ते का वाचू शकला नाहीत ह्याचं. तुमच्या त्या समाजशास्त्राला कडी आपल्याच हातात आहे हे धरून लिहायची सवय नाही. माझ्याही शास्त्राला नाही."

"आणि सही?"

"पान आणा. करतो."

परवाचीच तारीख आहे. पान लिहायला बसते. आई समोर बसलीय, माझे खोडलेले कागद सरळ करून एकावर एक ठेवतेय. दार उघडं आहे. दर दोन ओळींनी वर बघते मी, आहे ना म्हणून.

३० नोव्हेंबर, बुधवार

दिला! साडेतीन वाजता. आई बरोबर होती. परिशिष्टातल्या संदर्भाच्या जागी तिचं नाव तिनेच लिहिलं, मोत्यासारखं, आणि कोपऱ्यात न विचारता 'मूळ प्रत' असं घातलं. कारकुनाने पावती दिली. ती आईने माझ्या हातातून घेतली, तारीख बघितली, शिक्का बघितला, घडी करून मला परत दिली.

मग खिडकीशी वाकून त्याला हळूच म्हणाली, "साहेब, ह्या बाई चांगल्या आहेत हो, माझी तक्रार नाही. पण मी आता इथेच थांबते. माझी मुलगी येणार आहे. तिचा प्रबंध द्यायचाय आज."

आई बाकावर जाऊन बसली आणि थोडी सरकली. "तुम्हीही बसा," म्हणाली, "पाच वाजेपर्यंत येईल ती."

बसलेय. इथेच लिहितेय हे. पाचला दहा कमी आहेत.